स्तुतिनिंदा आणि तरुण मन

स्तुतीने फुलणे आणि निंदेने कोमेजणे हा जीवाचा जुनाच स्वभाव होय. पूर्वी स्तुतिनिंदा गावाच्या वेशीपर्यंत जाई व काही दिवसांत विरे. आता ती प्रहरोप्रहरी तळहातावर येऊन उभी राहते.

लातूरची अध्ययनपद्धती ‘लातूर पॅटर्न’ म्हणून महाराष्ट्रभर परिचित आहे. नांदेडही वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवणी वर्गांचे मोठे केंद्र झाले आहे. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील सोळा-सतरा वर्षांची मुले घर सोडून तेथे खोली घेऊन राहतात. ‘नीट’ परीक्षेचे ७२० गुण हेच त्यांच्या आयुष्याचे माप होऊन बसते. चौकातील फलकावर गुणवंतांची छायाचित्रे असतात. रात्री व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम उघडावे तर तेथेही इतरांचेच यश दिसते.

येथे अशी शंका येते की, मोबाइल काढून घेतला म्हणजे मन स्थिर होईल. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना अशा माध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. समाधान असे की, साधन दूर केल्याने निमित्त टळते, आसक्ती टळत नाही. शिवाय परगावी राहणाऱ्या लेकराला आईचा आवाजही त्याच साधनातून ऐकू येतो.

दुसरी शंका अशी की, मुलांना अलिप्ततेचाच उपदेश का करू नये? पंथाच्या आचारात विजन सांगितले आहे. परंतु विजन हा स्वेच्छेने पत्करलेला एकांत. तेथे नामस्मरणाची सोबत असते. भाड्याच्या खोलीतील एकटेपणा हा लादलेला असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. परंतु एकाने मन निवते, दुसऱ्याने करपते. म्हणून करपणाऱ्या मनाला अलिप्ततेचा उपदेश करणे म्हणजे तहानलेल्याला उपवासाचे महत्त्व सांगणे होय.

मग दोष कोणाचा? मुलाचे गुण वाढले की आईबाप ते ‘स्टेटस’वर लावतात, गुण घटले की गप्प बसतात. त्या मौनातूनच लेकरू निंदा ऐकते आणि आपल्यावरील माया गुणांवर अवलंबून आहे असे समजते. मनाचे धैर्य म्हणजे काठिण्य नव्हे. अपयशानंतरही आपली जागा कायम आहे, या विश्वासातून ते उपजते. आणि तो विश्वास वडीलधाऱ्यांनीच द्यावयाचा असतो.

यास्तव वासनिकांनी प्रथम स्वतःच्याच स्तुतिलोभाला आवर घालावा. फोनवर गुण विचारण्याआधी ‘जेवलास का?’ असे विचारावे. मुलाची झोप, अन्न, बोलणे तुटू लागल्यास उपदेश बाजूस ठेवून वैद्याकडे न्यावे. ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. तिचे साहाय्य घेण्यात श्रद्धेला कोणताही उणेपणा नाही; दुःखी जीवाला आधार देणे हे दयेचेच अंग होय.