फोटोची किंमत कोण मोजतं?

रोलमध्ये 36 फोटो असायचे, नशीब चांगलं असेल तर सदतिसावा निघायचा. रोल घ्या, धुवायला द्या, प्रिंट काढा. प्रत्येक क्लिकला पैसे पडायचे. म्हणून बटण दाबण्याआधी माणूस थांबायचा. फिल्मवर प्रेम करणारे अजूनही हळहळतात ते या थांबण्यासाठी. तेव्हा आम्ही विचार करून फोटो काढायचो, म्हणतात.

पण तो विचार होता की काटकसर? मी कोड लिहून पोट भरतो. मेमरी कमी असली की प्रोग्रॅमर जपून लिहितो, त्याला कुणी सद्गुणी म्हणत नाही. खिसा रिकामा म्हणून पाळलेला संयम आणि समजून पाळलेला संयम, दोन्ही दिसायला सारखेच.

1975 साली कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा बनवला. एक फोटो कॅसेटवर साठवायला त्याला 23 सेकंद लागायचे. आजचे काही कॅमेरे सेकंदाला 20 फोटो काढतात, म्हणजे अख्खा रोल दोन सेकंदांच्या आत. पुढचा फोटो जवळपास फुकट.

हे फुकट असणं मला वाईट वाटत नाही. माझ्या आजीच्या लहानपणाचा एकही फोटो नाही. आमच्या सोसायटीत घरकामाला येणाऱ्या मावशींच्या फोनमध्ये मात्र नातवाचं सगळं बालपण आहे. फिल्मच्या काळात कुणाची आठवण जपली जाणार, हे बऱ्याचदा पैसा ठरवायचा.

तरी एक हिशोब राहतोच. हिवाळ्यात ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतात. भरती आली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि थवे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर विसाव्याला येतात. तिथे कुणीतरी उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवतं. पक्षी उडतात, विसाव्याची वेळ जाते, अंगातली ताकद खर्च होते. फोटो काढणाऱ्याचं काहीच जात नाही. हार्बर लाइनच्या लोकलमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेल्या माणसाचंही तेच. त्याचा फोटो चार ग्रुपवर फिरतो, लोक हसतात, त्याला पत्ताही नसतो.

समोरच्याची किंमत फिल्मच्या काळातही होतीच. फरक एवढाच की तेव्हा कॅमेरा धरणाऱ्यालाही थोडी झळ बसायची. आता सगळं बिल समोरच्याच्या नावावर फाटतं.

म्हणून फिल्मकडे परत जा, असं मी म्हणणार नाही. महागाईने लावलेली शिस्त महागाईबरोबरच जाणार होती. उलट, थांबायचं की नाही हे आता पहिल्यांदा खरोखर आपल्या हातात आलंय. 'हा फोटो चांगला येईल का' याआधी 'याची किंमत कोण मोजतंय' एवढं विचारायला अर्धा सेकंद पुरतो. उत्तर 'समोरचा' असेल आणि त्याला विचारणं शक्य असेल, तर विचारावं. फ्लेमिंगोला विचारता येत नाही, तिथे लांबच उभं राहावं. फोटोत पक्षी लहान दिसले तर दिसू देत.