हीटर तापला, पण कशामुळे?

विनिपेगमध्ये मोटारीतला हीटर ही चैन नव्हे. जानेवारीत पारा उणे ३० पर्यंत सहज उतरतो. रात्री इंजिन गोठू नये म्हणून बंपरमधून लोंबणारी वायर भिंतीतल्या प्लगमध्ये खोचून ठेवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, सगळ्या गल्लीने विजेवरच्या गाड्या घेतल्या की काय. अशा थंडीत हीटर मंद पडला तर नुसते पाय गारठत नाहीत. आपल्याच श्वासाची वाफ काचेवर आतून गोठते आणि समोरचा रस्ता दिसेनासा होतो.

जावयाच्या जुन्या गाडीचं तेच झालं. सिग्नलला थांबलं की गार वारा, रस्त्यावर वेग घेतला की जरा ऊब. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधेच खाली यायचा. डॅशबोर्डच्या मागून, माठात पाणी ओतावं तसा गुडगुड आवाज यायचा. माझी मुलगी त्या गाडीला ‘म्हातारी’ म्हणते, आणि माझ्यासमोर म्हणताना जरा चाचरते.

मी सांगलीला आयुष्यभर संस्कृत शिकवलं, त्यातही तर्कसंग्रह हा न्याय-वैशेषिकांचा पाठ्यग्रंथ. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. जावई बॉनेट उघडून उभा राहिला तेव्हा टॉर्च धरायचं काम माझ्याकडे आलं, आणि टॉर्च धरणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायचा अधिकार असतो. त्यातून कळलं ते असं. इंजिनाची उष्णता वाहून नेणारं कूलंट, म्हणजे निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल, पंपाने फिरत असतं. त्यातला एक फाटा डॅशबोर्डमागच्या चिमुकल्या रेडिएटरमध्ये, हीटर कोरमध्ये, जातो. पंखा त्यावरून हवा फुंकतो आणि ती हवा आपल्या पायांशी येते. थर्मोस्टॅट नावाची मेणावर चालणारी झडप इंजिन तापेपर्यंत मोठ्या रेडिएटरची वाट बंद ठेवते. ती उघडीच अडकली तर इंजिन तापतच नाही. कूलंट कमी झालं, आत हवा अडकली, कोर चोंदला, गरम-गार हवा मिसळणारी पाकळी अडकली, तरी गाडीत बसलेल्याला कळतं ते एकच: गार वाटतंय.

एकाच कार्याला इतकी कारणं संभवतात तेव्हा नुसत्या कार्यावरून कारण ठरवता येत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना हे ‘सव्यभिचार हेतु’ म्हणून पाठ असायचं. पाठ असणं निराळं. इथे जावयाने कोरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्यांना हात लावला. दोन्ही गरम असत्या तर दोष पाकळीचा. दोन्ही गार असत्या तर कूलंट किंवा थर्मोस्टॅट. एक गरम आणि एक गार असेल तर कोरमधून प्रवाह नीट जात नाही. आमची एक गरम होती, दुसरी कोमट. वैशेषिकांनी स्पर्शाचे तीनच प्रकार सांगितले आहेत: शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत. कोमट त्यात कुठे बसवायचं, याचा विचार करत मी टॉर्च भलतीकडे धरला आणि बोलणी खाल्ली.

त्याच्या ओळखीच्या एका मेकॅनिकने फोनवरच निदान केलं: थर्मोस्टॅट. शनिवारी घराच्या गॅरेजमध्ये जावयाने थोडं कूलंट काढलं, जुना थर्मोस्टॅट सोडवला, नवा बसवला, कूलंट पुन्हा काठोकाठ भरलं. मग टोपी उघडी ठेवून, हीटर पूर्ण लावून इंजिन चालू ठेवलं. (टोपी इंजिन गार असतानाच काढायची, तापलेल्या इंजिनाची काढली तर उकळतं कूलंट तोंडावर येतं.) रेडिएटरच्या तोंडाशी बराच वेळ बुडबुडे येत राहिले. ते थांबले, पातळी खाली गेली तशी त्याने भर घातली, आणि आत कढत वारा यायला लागला.

‘‘बघा आई, थर्मोस्टॅटच होता.’’

मला ते पटेना. जुना थर्मोस्टॅट मी घरात आणला. त्याच्या कडेवर ८२ हा आकडा ठोकलेला होता. एका टाकाऊ भांड्यात पाणी घेतलं, दोऱ्याने तो मध्येच लोंबकळत ठेवला, शेजारी स्वयंपाकातला तापमापक सोडला आणि गॅस लावला. गार असताना झडप घट्ट मिटलेली. ऐंशी ओलांडल्यावर ती हलली आणि मग मुकाट उघडली. पाणी निवू दिलं, मिटली. पुन्हा तापवलं, पुन्हा उघडली. झडप शाबूत होती.

जावई म्हणाला, ‘‘इथे चालते, गाडीत कधीमधी अडकत असेल.’’ शंका रास्त होती. पण नैयायिक उदयनाचार्यांनी शंकेला एक मर्यादा घातली आहे: ती आपल्याच वागण्याला छेद देऊ लागली की थांबते. जो अन्नाने भूक भागते का याबद्दल शंका काढतो, तोही जेवायला बसतोच. कधीमधी अडकते असं नुसतं म्हणत राहिलं तर जगातला कुठलाच सुटा भाग निर्दोष ठरणार नाही, आणि जावई स्वतः तर भांड्यात तपासून पाहिलेल्या भागावर विश्वास ठेवणारा माणूस आहे.

मग हीटर तापला कशाने? बुडबुड्यांनी सांगितलं होतं. कूलंट कमी होऊन कोरमध्ये हवा अडकली होती. इंजिन जोरात फिरलं की पंप जोर लावायचा आणि थोडा प्रवाह पुढे जायचा. सिग्नलला थांबलं की तो प्रवाह मंदावायचा. थर्मोस्टॅट बदलण्यासाठी कूलंट काढून पुन्हा भरावं लागलं, आणि त्या ओघात हवा निघून गेली. न्यायशास्त्रात याचा ठरलेला दाखला आहे: अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं जळण लागतं. या ओल्या जळणाला नैयायिक उपाधि म्हणतात. थर्मोस्टॅट बदलला म्हणून हीटर तापला, या अनुमानातलं ओलं जळण म्हणजे हवा निघणं. नवा थर्मोस्टॅट बिचारा कुंभाराच्या गाढवासारखा. त्याने माती वाहून आणली हे खरं, पण घडा त्याच्यामुळे झाला असं कोणी म्हणत नाही.

‘‘पण आई, गरम होतंय ना? मग झालं.’’

या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे आणि ते मोटारीपुरतं नाही. ज्ञान खरं की खोटं हे ओळखायचं कसं, यावर मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतकं भांडले. मीमांसक म्हणतात, ज्ञान जन्मतःच प्रमाण असतं. बाधक काही पुढे आलं तरच ते खोटं ठरवावं. नैयायिक म्हणतात, ज्ञानाची पारख बाहेरून होते: त्यावर विसंबून हालचाल केली आणि ती फळाला आली की ज्ञान प्रमाण. पाणी समजून पुढे गेलो, तहान भागली, म्हणजे ते पाणीच होतं. मी नेहमीच नैयायिकांच्या बाजूची. पण आमच्या गॅरेजमध्ये हालचाल फळाला आली होती आणि ज्ञान चुकीचं होतं.

या कोड्याला जुन्यांनी नाव दिलं आहे: संवादी भ्रम, फळ देणारा भ्रम. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तींनी दाखला दिला तो रत्नाचा. एक माणूस रत्नाच्या प्रभेलाच रत्न समजून धावतो, दुसरा दिव्याच्या प्रभेला. दोघेही चुकले आहेत, प्रभा म्हणजे रत्न नव्हे. पण पहिल्याच्या हाती रत्न लागतं, दुसऱ्याच्या काहीच नाही. चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी पंचदशीच्या ध्यानदीप प्रकरणात हाच दाखला घेतला आणि आणखी एक जोडला: वाफेला धूर समजून कोणी तिथे अग्नीचं अनुमान केलं आणि दैवयोगाने तिथे निखारे सापडले. विनिपेगच्या हिवाळ्यात हा दाखला शिकवावा लागत नाही. प्रत्येक छपरावरून पांढरी वाफ निघत असते. मी पहिल्या आठवड्यात तिला धूर समजले, आणि खाली तळघरात भट्टी खरोखरच जळत होती.

विद्यारण्यांना हा दाखला हवा होता तो उपासनेसाठी. केवळ ज्ञानानेच मोक्ष मिळतो असं मानणारा हा अद्वैती सांगतो की उपासना हे ज्ञान नव्हे, तरी संवादी भ्रमासारखी ती फळापर्यंत पोचवते. मला हे धाडस वाटतं. कारण आपल्याकडे देवधर्माच्या गोष्टीत पुराव्याचं काम एकटी प्रचिती करते. सोळा सोमवार केले आणि मुलाला नोकरी लागली. पारायण झालं आणि दुखणं हटलं. विचारलं तर उत्तर तयार: अनुभव आला ना? मी स्वतः रोज अथर्वशीर्ष म्हणते आणि त्याने माझं मन शांत होतं, हे मी नाकारत नाही. पण त्या शांतीने एवढंच ठरतं की म्हटल्याने शांती मिळते. गणपतीने ऐकलं, हे दुसरं विधान आहे. ते खरं असेलही, पण ही शांती त्याची साक्षीदार नव्हे. ती श्वासाची असेल, लहानपणी वडिलांच्या मांडीवर ऐकलेल्या आवाजाची असेल.

अशा वेळी माझे जुने सहकारी मला नास्तिक म्हणायचे. पण माझं म्हणणं वेगळं आहे: धर्मकीर्तींच्या दाखल्यात लक्ष द्यायचं ते दुसऱ्या माणसाकडे. भ्रम दोघांचाही सारखाच होता, मग एकाला रत्न का मिळालं? कारण ती प्रभा रत्नापासून निघाली होती. समजूत चुकीची होती, पण धागा खरा होता. जावयाने थर्मोस्टॅटऐवजी पंख्याची मोटर बदलली असती तर कूलंट काढावंच लागलं नसतं आणि वारा गारच राहिला असता. म्हणून उपासकाला फळ मिळालं का, हे मी विचारत नाही. ते कुठल्या धाग्याने आलं, हे विचारते. हा प्रश्न विचारायला लाज वाटू नये आणि विचारल्याने भक्ती आटू नये. आटली तर ती आटायच्याच लायकीची होती, असं माझं मत आहे. मुलीला ते कठोर वाटतं.

खरं ज्ञान आणि फळ देणारा भ्रम यांच्यातला फरक त्या शनिवारी दिसण्यासारखा नव्हता, वारा दोन्हीकडे तेवढाच कढत. फरक पुढच्या प्रश्नात होता. थर्मोस्टॅट बिघडला होता असं मानणाऱ्याला पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही. कूलंट कमी झालं होतं असं मानणाऱ्याला लगेच विचारावं लागतं: ते गेलं कुठे? गॅरेजच्या फरशीवर थेंब नव्हता.

फेब्रुवारीत उत्तर आलं ते नाकातून. हीटर लावला की गोडसर वास, पाकासारखा. काच पुसली तरी तिच्यावर तेलकट धुकं राहायचं. माझ्या पायांखालचा गालिचा ओलसर लागला. मी आधी बुटांवरच्या बर्फाला दोष दिला, पण बर्फाच्या पाण्याला वास नसतो. गंध हा पृथ्वीचा गुण, जलाचा नव्हे, हे तर्कसंग्रहात अन्नंभट्टांनी सतराव्या शतकात विद्यार्थ्यांसाठी लिहून ठेवलंच आहे. या वेळी जावयाने कोणाला फोन केला नाही. भाड्याने मिळणारा हातपंप आणून रेडिएटरच्या तोंडाला लावला, इंजिन बंद असतानाच दाब दिला, आणि आम्ही पंपावरच्या दाबाच्या काट्याकडे बघत बसलो. काटा सावकाश उतरत गेला. बाहेर कुठेच ओल नव्हती. गालिच्यावर मात्र एक हिरवट थेंब आला, मग दुसरा.

कोर बदलायचा म्हणजे अर्धा डॅशबोर्ड उतरवायचा. मजुरी ऐकून मुलगी म्हणाली, म्हातारीला आता निरोप द्या. जावई हट्टाने स्वतःच करायला बसला. स्क्रू वाट्यांत वेगवेगळे ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मधेच तो हसून म्हणाला, ‘‘आई, नवा कोर घातला तरी कूलंट पुन्हा भरावंच लागणार, हवा पुन्हा निघणार. म्हणजे गरम झालं तरी कोरला श्रेय देता येणार नाही.’’

‘‘गरम होण्यावरून नाहीच द्यायचं,’’ मी म्हटलं. ‘‘कूलंटच्या डब्यावर आज जिथे खूण करशील, तिथेच महिनाभराने पातळी राहिली, तर देऊ.’’

त्याने मार्कर शोधायला सुरुवात केली.