तान्ह्याला नळीने दूध पाजावे काय?



नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्याकडून एका माळकरी आजोबांनी आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या घरी दिवस भरण्यापूर्वीच जन्मलेले नातवंड आहे. दीड महिना झाला, पण वजन जागचे हलत नाही. अंगावर घेतले की चार घोट ओढते आणि झोपी जाते. डॉक्टर म्हणाले, काही दिवस नाकातून नळी घालून दूध द्यावे लागेल. आजी म्हणते, नळी घातलेले पोर घरी परत येत नाही. बाप म्हणतो, डॉक्टर सांगतील तसे करू. आई काहीच बोलत नाही, नुसती डोळे पुसते. आणि आजोबा विचारतात, देवाने ज्याच्या तोंडी चारच घोट लिहिले, त्याच्या पोटात आपण बळे दूध घालावे हे धर्माला धरून होते काय?

भाविकहो, हा प्रश्न एका घरापुरता नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे तेथील शेकडा एकोणसत्तर लोक आदिवासी आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात या जिल्ह्यातील पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले वजनाने कमी भरली. तेव्हा असला प्रसंग तेथे पुष्कळ दारांशी उभा आहे. कोणी म्हणेल, भक्तिपर मासिकात नळीचा आणि तागडीचा विषय कशाला? परंतु आपण ज्या देवाला माउली म्हणून हाक मारतो, त्याच्या दारात लेकराच्या दुधाचा विषय परका कसा होईल?

आधी नळी म्हणजे काय ते समजून घेऊ. कारण पुष्कळसे भय न कळल्यानेच असते. ही गव्हाच्या काडीहून बारीक, मऊ नळी असते. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तेथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत माप घेऊन ती नाकावाटे जठरात सोडतात व गालाला चिकटपट्टीने चिकटवतात. दर खेपेस दूध देण्यापूर्वी ती जठरातच आहे ना, हे तपासावे लागते. मग दट्ट्या काढलेली पिचकारी जोडून वर धरतात आणि दूध आपल्याच भाराने हळूहळू उतरते. ते दाबून ढकलायचे नसते. शक्य असेल तेथे हे दूध आईचेच, पिळून काढलेले असते.

ही पाळी का येते? ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तीन कामे तान्ह्याला एकाच वेळी साधावी लागतात. टाळ, मृदंग आणि पाऊल यांचा मेळ बसावा तसा हा मेळ आहे, आणि तो गर्भाच्या सुमारे चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. लवकर जन्मलेल्या, अशक्त वा आजारी मुलाला तो नीट साधत नाही. आपल्याला दूध पिणे म्हणजे विसावा वाटतो. तान्ह्याला ती मेहनत आहे. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन दहाव्या हिश्श्यापर्यंत उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते, हे स्वाभाविक आहे. पुढे मात्र पहिले तीन महिने रोज वीस ते तीस ग्रॅम वाढ व्हावी लागते. ती होत नसेल तर फेरा सुरू होतो : पोटात दूध कमी म्हणून अंगात शक्ती कमी, शक्ती कमी म्हणून ओढणे कमी, आणि ओढणे कमी म्हणून आईचे दूधही आटू लागते. हा फेरा कोठेतरी तोडावा लागतो. तेवढ्याचसाठी नळी.

परंतु तागडी हलली नाही की घाल नळी, असेही नव्हे. बाळ छातीला नीट लावले जाते काय, दिवसरात्रीतून किती वेळा पाजले जाते, टाळू दुभंगलेली आहे काय, पिताना घाम येऊन धाप लागते काय, कोठे जंतूंची बाधा आहे काय, हे आधी पाहावे लागते. पिळलेले दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने घशाखाली सुखरूप जात असेल तर नळीचे कारण नाही. आई-आजीने डॉक्टरांस हे खुशाल विचारावे. विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे.

आता आजोबांच्या शंकेकडे वळू. पहिला मुद्दा प्रारब्धाचा. आपण एकादशी धरतो ती आपल्या संकल्पाने. पाळण्यातल्या लेकराला कोणी एकादशी घडवीत नाही. आपल्या वाट्याचे दुःख प्रारब्ध म्हणून सोसावे, ही तितिक्षा झाली. दुसऱ्याच्या भुकेला, तेही ज्याला बोलता येत नाही त्याच्या भुकेला, प्रारब्ध म्हणून मोकळे होणे याला तितिक्षा म्हणता येत नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबारायांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले. पुढे त्यांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे स्वतःच्या दुःखातून त्यांनी वैराग्य घेतले. पण लोकांची हलाखी मात्र त्यांचे प्रारब्ध म्हणून तशीच ठेवली नाही, आपल्या हातून उतरेल तेवढी उतरविली. वारकऱ्याने घ्यावयाचा धडा हाच आहे. दिंडीत कोणाला चक्कर आली तर आपण त्याचे प्रारब्ध काढत बसतो काय? सावलीत नेतो, तोंडाला पाणी लावतो. मग घरातल्या लेकराला निराळा न्याय कशाला?

दुसरा मुद्दा बळजबरीचा. हा खरोखर विचार करण्याजोगा आहे. लहानग्या नामदेवाने देवापुढे नैवेद्य ठेवला, आर्जव केले, रडला. पण बळे ओतला नाही. आग्रह आणि बळजबरी यांत अंतर आहे खरे. परंतु पोट भरल्यामुळे तोंड फिरवणारे लेकरू आणि थकून स्तनावरच झोपी जाणारे लेकरू, ही दोन निराळी आहेत. पहिले ‘नको’ म्हणते. दुसरे ‘हवे, पण होत नाही’ म्हणते. थकलेल्याची झोप हा नकार समजू नये. आणि बळजबरीचाच विचार करायचा तर सातपुड्याच्या पट्ट्यात तान्ह्याच्या पोटावर तापल्या लोखंडाचा डाम देतात, त्याचाही विचार करावा. सपाटीवरच्या आम्ही लोकांनीही पहिले पिवळे दूध पिळून टाकण्याची चाल पुष्कळ दिवस चालविली. ओळखीचा हात म्हणून डाम चालतो आणि अनोळखी म्हणून मऊ नळीचे भय वाटते, हे बरोबर नाही.

तिसरी गोष्ट आईची. ती बोलत नाही, कारण आपले दूध कमी पडले, आपणच कमी पडलो, असे तिच्या मनाने घेतलेले असते. तिला सांगावे की बाई, पक्षीण चोचीने भरवते, गाय सडाने पाजते, आणि कासवी नुसत्या नजरेने पिले वाढवते असा दृष्टांत आपण कीर्तनात ऐकतो. तोंड कोणते आणि वाट कोणती यावर आईपण ठरत नाही. नळीतून उतरते ते तुझेच दूध. आणि तेही अपुरे असले तर दुसऱ्या मातेचे दूध घेण्यात कमीपणा नाही. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातांच्या दुधाची पेढी सुरू केली. ज्यांना जास्त आहे त्या देतात, ज्या लेकरांना उणे आहे ती घेतात. पंगतीत अन्न कोणी शिजविले हे आपण विचारत नाही. येथेही विचारू नये.

मात्र नळीला मर्यादा हवी. पहिली अशी की ती का घातली, हे घरच्यांना त्यांच्या बोलीत समजावले पाहिजे. दुसरी अशी की केव्हा काढायची, याचा विचार घालतानाच झाला पाहिजे. तिसरी अशी की नळी असली तरी तोंडाची सवय मोडू देता कामा नये. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरावे आणि जमेल तेव्हा अंगाला लावून पाहावे. ज्यांना ओढता येते पण आईला दूध कमी येते, त्यांच्यासाठी तर एक फार चांगली युक्ती आहे. बारीक नळीचे एक टोक स्तनाग्राशी चिकटवतात, दुसरे दुधाच्या वाटीत ठेवतात. लेकरू आईला ओढते, वाटीतले दूध त्याच्या तोंडी येते, आणि त्या ओढण्यानेच आईला पान्हा वाढू लागतो. महिनोन्महिने नळीवर राहिलेली मुले तोंडाने खाणेच विसरतात, घास पाहून घाबरतात. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे अशा मुलांची नळी सोडविण्याचे खास उपचार करतात. म्हणून नळी लेकराला आईकडे परत आणण्यासाठी आहे, आईच्या जागी बसण्यासाठी नाही, हे डॉक्टरांनी आणि घरच्यांनी दोघांनीही ध्यानात ठेवावे.

आजीचे भयही हसण्यावारी नेऊ नये. चुकून नळी श्वासनलिकेत गेली किंवा दूध घाईने सोडले तर धोका असतो. म्हणून हे काम शिकलेल्या हाताचेच आहे. पण नळी घातलेली मुले दगावतात असे दिसते, त्याचे कारण बहुधा नळी हे नसते. फार उशिरा आणलेली मुलेच नळीपर्यंत पोचलेली असतात. लवकर नेले तर हेच भय पुष्कळ अंशी उणे होते. तरीही सगळीच लेकरे वाचतात, असे वचन कोणी देऊ शकत नाही. काहींचा आजार असा असतो की दुधाने तो हटणार नाही. तेथे ‘नळीने जगेल काय’ एवढाच प्रश्न राहत नाही, ‘नळीने त्याला सुख होईल की क्लेशच वाढतील’ असा होतो. त्या वेळी आईबापांनी डॉक्टरांशी बोलून जे ठरवले, त्यावर गावाने बोट ठेवू नये. परंतु लवकर जन्मल्यामुळे थकणाऱ्या, एरवी धडधाकट होऊ शकणाऱ्या लेकराची गोष्ट ती नव्हे. तेथे आमचे उत्तर स्वच्छ आहे : नळी घालू द्यावी, आणि आजच घालू द्यावी.

आता उरला तो सर्वांत अवघड भाग. ‘दवाखान्यात ने’ असे सांगणे सोपे आहे. पण पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे राहावे लागते. घरी दुसरी मुले असतात, शेळ्या असतात, चूल असते. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या टोळीत नाव घातलेले असते, उचल घेतलेली असते. सरकारी रुग्णालयात वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला मोफत उपचार आहेत, १०२ व १०८ क्रमांकांच्या गाड्या आहेत, केंद्रात आईला बुडीत मजुरी देण्याची तरतूदही आहे. आशाताईंकडून ते पदरात पाडून घ्यावे. पण चूल आणि शेळ्या सरकार सांभाळत नाही. म्हणून ‘जाऊ नको’ म्हणणाऱ्याने लेकराच्या भुकेचा भार घ्यावा, आणि ‘जा’ म्हणणाऱ्याने मागच्या घराचा. कोणताच भार न घेता नुसता सल्ला देऊ नये. निर्णय आईचा म्हणून तिला एकटीला सोडणे हाही एक प्रकारचा निष्ठुरपणाच होय.

येथे भजनी मंडळाला मोठे काम आहे. आठवड्यातून एकदा टाळ घेऊन जमतो, त्याच मंडळीने कोणाकडे तान्हे बाळ वजनाला मागे पडले आहे याची चौकशी करावी. त्या घरी पाळीपाळीने भाकरी पोचवावी, मोठ्या मुलांना आपल्या घरी निजवावे, आणि आईबरोबर एक जाणती बाई केंद्रात पाठवावी.

आणि हे सारे नेमके आषाढीच्या तोंडावर आले तर? कितीएक वर्षांची वारी चुकेल म्हणून जीव कासावीस होईल, हे आम्ही जाणतो. पण पंढरीची कथा मुळात कशी सुरू होते ते आठवावे. पुंडलिक सेवेत गुंतला होता, दारी देव आला, आणि पुंडलिकाने त्याच्याकडे वीट सारून थांब म्हटले. देव रागावला नाही, उभा राहिला. तो अजून तसाच उभा आहे. नातवाच्या उशाशी बसलेल्या म्हाताऱ्यासाठी तो एक एकादशी आणखी थांबेल.