भिंतीपासून हातभर पुढे

जिथे बसला आहात तिथूनच आपल्या हॉलकडे एकदा सावकाश पाहा. घराबाहेर असाल तर डोळे मिटून तो आठवा. आधी दार, मग खिडकी, मग टीव्ही. आता सोफा. त्याची पाठ कशाला टेकली आहे? बहुतेक घरांत भिंतीलाच. समोरच्या भिंतीला टीव्ही, बाजूच्या भिंतीला दिवाण नाहीतर दोन खुर्च्या, आणि मधे मोकळी फरशी.

लगेच काही हलवू नका. हे असं का मांडलं गेलं, त्याचा आधी शांतपणे विचार करू.

चाळीतली दहा बाय दहाची खोली डोळ्यांपुढे आणा. कपाट, ट्रंका, लोखंडी कॉट, सगळं कडेला. रात्री मधल्या जागेत ओळीने अंथरुणं पडायची, सकाळी त्यांच्या वळकट्या कॉटखाली जायच्या. मग त्याच जागेत मुलांचा अभ्यास, भाजी निवडणं, पाहुण्याचं ताट. वाड्यातली बैठकही भिंतीलगतच असे: गादी, तिच्यावर पांढरी चादर, मागे लोड-तक्के. पंगत बसे तीही भिंतीकडे पाठ करून, म्हणजे वाढप्याला मधून फिरता येई. त्या मोकळ्या जागेला दिवसभर काम होतं. पुढे घरात पहिला सोफा आला तो बैठकीच्याच जागी, भिंतीला लागून बसला. त्यात कुणाचं काही चुकलं नाही.

पण बसण्यातला फरक बघा. बैठकीवर माणूस मांडी घालतो. शेजारच्याशी बोलायचं असलं की मांडीसकट वळतो, तक्का ओढून घेतो, पुढे सरकतो. सोफ्यावर पाय खाली सोडले की गुडघे समोर होतात आणि तसेच राहतात. समोर टीव्ही असला तर अख्खा माणूस टीव्हीकडे तोंड करून बसतो, मग शेजारी कुणीही असो. बैठकीवर माणूस स्वतः वळत होता. सोफ्याच्या बाबतीत सोफाच वळवावा लागतो, पुढे आणावा लागतो. मला वाटतं, आपलं सगळं अडलंय ते इथेच. आपण बसायची वस्तू बदलली, मांडणी मात्र बैठकीचीच ठेवली.

जरा थांबा. काल संध्याकाळी हॉलमध्ये कोण कुठे बसलं होतं? कुणाचं तोंड कुणाकडे होतं? उत्तर मनातल्या मनात पूर्ण होऊ द्या.

मग फरश्या मोजा. हल्लीच्या पुष्कळ फ्लॅटांत दोन फूट बाय दोन फुटांच्या टाइल्स असतात, त्यामुळे टेप लागत नाही. सोफ्यापासून दिवाणापर्यंत पाच निघाल्या, तर दहा फूट. एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली ‘द हिडन डायमेन्शन’ या पुस्तकात माणसं एकमेकांपासून किती अंतर राखतात, ते मांडलं. दीड ते चार फूट हे जवळच्या माणसांचं अंतर, चार ते बारा कामापुरत्या ओळखीचं. त्यातही सातच्या पुढे गेलं की आवाज चढवावा लागतो. ही मापं अमेरिकेतल्या मध्यमवर्गावरून काढलेली. आपल्याकडे माणसं याहूनही जवळ बसतात, असं माझं मत आहे. आणि तरी स्वतःच्या घरात आपण रोज दहा फुटांवरून बोलतो.

त्याची झळ सगळ्यात जास्त कुणाला लागते, ते पाहा. दिवाणावर आजी बसल्या आहेत. ऐकू थोडं कमी येतं. कुणीतरी काही बोललं, सगळे हसले. आजी आधी एकेकाच्या चेहऱ्याकडे बघतात, मग जरा उशिरा हसतात. ‘काय म्हणाला गं?’ असं एकदा विचारतात. उत्तर मोठ्याने, तुटक मिळतं, आणि मोठ्याने सांगितलेल्या विनोदात काही उरत नाही. दुसऱ्यांदा त्या विचारत नाहीत. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत टीव्हीकडे बघत राहतात. त्यांना टीव्हीचं वेड आहे असं घरात म्हटलं जातं. खरंच आहे का?

कॅनडातल्या सासकाचेवान प्रांतातल्या एका इस्पितळात १९५०च्या दशकात रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाला असंच काही दिसलं होतं. वृद्ध स्त्रियांचा वॉर्ड, नुकताच नीटनेटका केलेला, फर्निचर नवं. खुर्च्या मात्र भिंतींलगत ओळीने, आणि बायका खांद्याला खांदा लावून गप्प. सॉमर यांनी छोटी चौकोनी टेबलं आणली आणि खुर्च्या त्यांच्याभोवती मांडल्या. सुरुवातीला हे कुणालाच रुचलं नाही. बायकांना आपली भिंतीकडची खुर्ची सोडवेना. काही आठवड्यांनी पुन्हा मोजलं, तर आपसातलं बोलणं जवळपास दुप्पट झालेलं. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, आणि त्यातलं ते सुरुवातीचं न रुचणं विशेष. तुम्हालाही ते जाणवणार आहे.

आता उठा. दोघांनी मिळून सोफा उचलून एक वीत पुढे घ्या. ओढू नका, फरशीवर ओरखडे येतात. मागे काय दिसतं? धूळ, एखादी केसांची पिन, ल्युडोची हिरवी सोंगटी. पायांखाली फरशीचा मूळ रंग. आणि भिंतीवर, डोक्यांच्या उंचीला, तेलाचे गोल डाग, जो तो आपल्या ठरलेल्या जागी. पावसाळ्यात ओल येणारी भिंत असेल तर खाली रंगाचे पोपडेही सुटलेले असतील. एवढ्या एका वितीनेही त्या भिंतीला वारा लागतो. हॉल फारच लहान असेल तर इथेच थांबा आणि सोफ्याऐवजी खुर्च्या आत घ्या.

जागा असेल तर आणखी पुढे, हातभर. मागून जायची वाट ठेवायची असेल तर अडीच-तीन फूट तरी सोडा. टीपॉय सोफ्यापासून दोन वितींच्या आत असावा, म्हणजे चहाचा कप न उठता हाताला येतो. चार्जरची वायर वाटेत आडवी सोडू नका. म्हातारं माणूस तिच्यातच पाय अडकून पडतं.

बसा. पाठीमागे आता भिंत नाही. मानेला ते कळतंय का? कुणीतरी मागून येईल, अशी बारीक शंका? ती खरी आहे, तिला हसू नका. मुख्य दार डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसेल इतका सोफा तिरका करा, किंवा मागे पुस्तकांचं बुटकं कपाट ठेवा. पुष्कळ सोफ्यांच्या मागच्या बाजूला नुसतं काळं अस्तर असतं, कारण ते भिंतीसाठीच बनवलेले असतात; तेही कपाटाने झाकलं जातं. पुन्हा टेका. श्वास सावकाश होऊ द्या. समोरच्या माणसाचा चेहरा आता जवळ आला आहे. काहीतरी साधं बोला, आज भाजी काय आणली इतकं साधं, आणि किती हळू बोललं तरी ऐकू जातं ते बघा.

चार दिवसांत कुणीतरी झाडताना सोफा मागे ढकलेल. भांडू नका. सत्यनारायण असेल, हळदीकुंकू असेल, गणपतीचं मखर असेल, तेव्हा तुम्हीच तो खुशाल भिंतीला लावा. त्या दिवशी मधल्या जागेला पुन्हा काम आहे, सतरंज्या पडणार आहेत. दुसऱ्या दिवशी सतरंज्या घड्या करून झाल्या की भिंतीकडे बघून मापं घेऊ नका. आजींची खुर्ची त्या म्हणतील तिथे, उजेडात ठेवा, त्यांना बसू द्या, आणि सोफा तिथून मोजून लावा.