बुलेट दिसली, थप्पड दिसली नाही

दार लावून घ्या. मोबाइल पिशवीत ठेवा. वह्या मिटा, आज उतरवून घ्यायचं काही नाही. आज फक्त ऐकायचं.

टेबलावर तुमचे 42 निबंध आहेत. विषय होता ‘सैराट’मधली आर्ची. सगळ्यांनी वेळेत दिले, अक्षरही बरं आहे. शनिवारी दुपारी गठ्ठा सोडला. पहिला निबंध आवडला. पाचव्या-सहाव्याला वाटलं, हा मी मघाशी वाचलाय. विसाव्यापर्यंत मी लाल पेन बाजूला ठेवलं आणि नुसतं मोजायला बसले. जवळजवळ प्रत्येक निबंधात आर्चीची बुलेट आहे. बुलेट झाली की ट्रॅक्टर आहे. मग ‘पितृसत्तेला छेद’ आहे, मग ‘सक्षम स्त्रीची प्रतिमा’ आहे, आणि शेवटी ‘अशा आर्ची घरोघरी निर्माण होवोत’ अशी इच्छा आहे.

आता सांगा, हैदराबादला पळून गेल्यावर तिचा प्रियकर परश्या तिच्यावर हात उचलतो, हे किती जणांनी लिहिलं?

एकीनं. 42 जणांत एकीनं.

मागच्या महिन्यात आपण ‘कबीर सिंग’वर बोललो होतो, आठवतंय? 2019 चा सिनेमा, कबीर प्रीतीला थोबाडीत मारतो तो प्रसंग. वर्ग पेटला होता. मागच्या बाकावरची मंडळीसुद्धा तावातावानं बोलत होती. मला बरं वाटलं होतं, मी स्टाफरूममध्ये जाऊन सांगितलंसुद्धा की यंदाची बॅच विचार करते. आज ते शब्द मी मागे घेते. तुम्ही विचार करत नव्हता. त्या सिनेमाला नावं ठेवायची असतात हे तुम्हाला आधीच कुणीतरी सांगितलेलं होतं, तुम्ही त्याचीच री ओढत होता. विचार केला असता तर तीच थप्पड ‘सैराट’मध्येही दिसली असती. याच सिनेमात आर्चीचा भाऊ प्रिन्स वर्गात शिकवणाऱ्या लोखंडे सरांना मारतो, ते तुम्हाला दिसलं, त्यावर पानंच्या पानं लिहिलीत. कारण प्रिन्स तुमचा नावडता. परश्या तुमचा लाडका. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय लावायला विद्यापीठात यावं लागत नाही. तो घरोघर फुकट मिळतो.

आणि लिहिलं असतंत तर केवढं हाती लागलं असतं! दोन सिनेमे, दोन थपडा. ‘कबीर सिंग’ शेवटी त्या दोघांना सुखाच्या संसारात नेऊन सोडतो, मारणाऱ्याला त्याचं प्रेम मिळतं. ‘सैराट’मध्ये आर्ची निघून जाते, गाडीत बसते, आणि गोष्ट तिच्यासोबत जाते. मग ती परत येते. का परत येते? तिचं प्रेम म्हणून, की जायला जागाच उरली नव्हती म्हणून? ज्या मुलीनं गाव सोडलं, तिला माहेर उरतं का? दिग्दर्शकानं तो प्रसंग घातला तो उगाच नाही. ज्याला आपण आपला मानतो, ज्याच्यावर जातीनं अन्याय केला, त्याच्या हातातही बाईवर चालणारी सत्ता असते, हे त्यानं तुमच्या डोळ्यांसमोर मांडलं. जो खालचा ठरवला गेला, तोही घरात वरचा होऊ शकतो. एवढी मोठी गोष्ट समोर होती आणि तुम्ही बुलेटचे फोटो चिकटवून दिलेत.

बरं, बुलेटचं तरी नीट बघितलंत का? ती बुलेट कुणाची? आर्ची गावातल्या पाटलांची लेक. वडिलांची, तात्यांची, जमीन आहे, राजकारण आहे, कॉलेजात त्यांचा शब्द चालतो. ती गाडीवरून गेली तर तिला अडवायची गावात कुणाची छाती होणार? परश्याच्या घरातही एक मुलगी आहे, त्याची बहीण. तिच्या हाती कुणी बुलेट देईल? म्हणजे आर्चीचा बिनधास्तपणा तिचा आहे, खराच आहे, पण त्याच्याखाली बापाच्या सत्तेचा पाट मांडलेला आहे. आणि ज्या दिवशी ती आपल्या मनानं जोडीदार निवडते, त्या दिवशी तोच पाट तिच्या पायाखालून ओढला जातो. बुलेट चालवायला परवानगी होती, नवरा निवडायला नव्हती. ही एक ओळ सापडली असती तर बाकीची साडेतीन पानं मी मागितली नसती. जात आणि बाईपण ही वेगवेगळ्या पेपरांची प्रकरणं नाहीत. ती एकाच अंगावर एकाच वेळी असतात.

बऱ्याच जणांनी आर्चीला मराठी पडद्यावरची ‘पहिली बंडखोर नायिका’ म्हटलंय. कुणी सांगितलं तुम्हाला? 1937 साली प्रभातनं ‘कुंकू’ काढला. त्यात शांता आपट्यांची नीरा म्हाताऱ्याशी लावलेलं लग्न मनानं स्वीकारत नाही, शेवटपर्यंत नाही. 1982 च्या ‘उंबरठा’त स्मिता पाटलांची सुलभा घर सोडून जाते, कुठल्याही प्रियकरासाठी नाही, कामासाठी. हे सिनेमे अभ्यासक्रमाच्या यादीत आहेत. न बघता ‘पहिली’ लिहिणं म्हणजे आपल्याआधी जगून गेलेल्या बायकांचं अस्तित्व पुसणं. तुम्ही ज्या पुसण्याविरुद्ध निबंध लिहिता, तेच तुमच्या हातून होतंय.

आता तुमच्या शब्दांबद्दल. ‘पुरुषी नजर’ हा शब्द तुम्ही पानोपानी पेरलाय. लॉरा मल्व्हीनं 1975 साली हा विचार मांडला तेव्हा ती एका ठरावीक गोष्टीबद्दल बोलत होती. कॅमेरा कुणाकडे बघतो, पडद्यावरचा पुरुष कुणाकडे बघतो, आणि अंधारात बसलेला प्रेक्षक कुणाच्या डोळ्यांनी बघतो, या तीन बघण्यांचा हिशेब. तो हिशेब मांडायचा तर आधी कॅमेरा कुठे ठेवलाय ते सांगावं लागतं. तुमच्यातल्या एकानंही सांगितलेलं नाही. आणि सांगितलं असतंत तर लक्षात आलं असतं की ‘सैराट’मध्ये कितीदा आर्चीच परश्याकडे रोखून बघते, आणि नजर खाली घालतो तो परश्या. मल्व्हीला तिथे प्रश्न विचारता आला असता. पण तुम्ही तिला प्रश्न विचारत नाही, तिच्या नावाचा शिक्का करता आणि दिसेल त्या कागदावर उमटवता.

बेक्डेल चाचणीचंही तेच. ॲलिसन बेक्डेलच्या 1985 मधल्या चित्रकथेत एक साधी कसोटी आली. सिनेमात दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला हव्यात. तुम्ही तीन चौकोन काढून बरोबरच्या खुणा केल्यात आणि निकाल लावलात, ‘पास’. हैदराबादमध्ये डोशाची गाडी चालवणारी सुमनअक्का आर्चीला हात देते. एकटी बाई परक्या शहरात दुसऱ्या बाईला उभं करते. त्या दोघींमध्ये कामाचं, पैशांचं, भीतीचं काय काय बोलणं होतं, कुठल्या भाषेत होतं, यावर एक वाक्य नाही. चाचणी दार उघडायला असते. तुम्ही दाराच्या पाया पडून परत आलात.

काही निबंध तुम्ही यंत्राकडून लिहून घेतलेत. कोणते ते मला कळलं असेल असं तुम्हाला वाटत असेल. खरं सांगते, नाही कळलं. यंत्राचे आणि तुमचे मला वेगळे काढता आले नाहीत. या गोष्टीनं मला जेवढं वाईट वाटलं, तेवढं वीस वर्षांत कशानं वाटलं नव्हतं. पूर्वी पोरं गाईड पाठ करून ‘भारतीय स्त्री ही त्यागाची मूर्ती आहे’ असं लिहायची. तुम्ही ‘स्त्री ही सक्षमीकरणाची मूर्ती आहे’ असं लिहिता. मूर्ती तशीच आहे, बदलला तो फक्त शेंदूर.

आता ज्यासाठी मी दार लावायला सांगितलं, ते.

परवा मी तमाशापटांवर शिकवताना गणपत पाटलांचा एक प्रसंग दाखवला. ते नाच्याचं काम करायचे. तुम्ही हसलात. हसण्याबद्दल मी बोलत नाही, तो प्रसंग हसवण्यासाठीच रचलेला होता. पण हसता हसता मागून एका वर्गमित्राला त्या नावानं हाक आली. आणि कुणी दचकलं नाही. म्हणजे ही हाक नवी नव्हती. मी चौकशी केली. पहिल्या सत्रापासून चाललंय. कुणीही मागे वळून बघू नका. त्याला आज आणखी एकदा सगळ्यांच्या नजरेखाली उभं करायचं नाही मला.

मी घरी गेले आणि हाक मारणाऱ्याचा निबंध शोधून काढला. त्यात लिंगभाव समाज कसा घडवतो यावर सुरेख परिच्छेद आहे. पुस्तकातलं कुसळ शोधायला निघालेल्यांनो, डोळ्यातल्या मुसळाचं काय करायचं?

विचार करायला शिकायचं ना? मग हा प्रश्न घ्या. नारायणराव राजहंस साडी नेसून रंगभूमीवर आले तेव्हा महाराष्ट्रानं त्यांना बालगंधर्व म्हणून डोक्यावर घेतलं. घरंदाज बायकांनी त्यांच्या साडीची, दागिन्यांची, चालण्याची नक्कल केली. पुढे त्यांना पद्मभूषण मिळालं. कोल्हापूरचे गणपत पाटीलही बायकी हावभाव करत पडद्यावर आले. त्यांना लोकांनी चेष्टेचा विषय केलं, आणि पडद्यावरची ती ओळख त्यांच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत छळत गेली. दोघे पुरुष, दोघे कलावंत, दोघांची कला बाईपण साकारण्याची. एकाच्या वाट्याला गंधर्वपण आलं आणि दुसऱ्याच्या भूमिकेची शिवी झाली, असं का? संगीत नाटक कुणाचं आणि तमाशा कुणाचा, थिएटरात खुर्च्यांवर कोण बसायचं आणि कनातीत जमिनीवर कोण बसायचं? बाईचं रूप पूर्ण घेतलं तर पूजा, आणि पुरुष आणि बाई यांच्या मधे कुठेतरी उभं राहिलं तर टिंगल, ही रेघ कुणी आखली? ‘नटरंग’ बघताना तुम्हाला नाच्या झालेल्या गुणा कागलकरची दया आली होती ना? मग ती दया थिएटरबाहेर आल्यावर पार्किंगमध्येच संपली का?

लोकप्रिय गोष्टींचा अभ्यास आपण याचसाठी करतो. आपण ज्याला हसतो, ज्याच्यासाठी रडतो, जे गुणगुणतो, त्यातूनच आपण माणसांना कसं वागवायचं ते शिकत असतो, नकळत. ‘माहेरची साडी’चं नाव काढलं की तुम्ही तोंडं वाकडी करता. 1991 साली त्या सिनेमाला गावोगावच्या बायका लोटल्या आणि डोळ्यांना पदर लावून बाहेर आल्या. त्या तुमच्या आज्या होत्या. त्या मूर्ख नव्हत्या. घरात ज्या गोष्टीसाठी रडायची सोय नव्हती, तिच्यासाठी अंधारात तीन तास रडायला मिळालं, असं तर नसेल? हे पुस्तकात सापडणार नाही. आजीला विचारावं लागेल, आणि मग गप्प बसून ऐकावं लागेल.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढं सगळं कसं जमावं, आम्ही अजून शिकतोय. मी तुम्हाला एका बाईचं नाव सांगते, जिनं ना कॉलेज पाहिलं ना पदवी. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. सुरतेतल्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेनं आपलं नवजात मूल मारलं म्हणून तिला फाशी सुनावली गेली, आणि वर्तमानपत्रांतून समस्त बाईजातीच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंनी ते वाचलं आणि 1882 साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. पुस्तकाचं नाव नीट ऐका. तुलना. नावातच पद्धत आहे. बाईवर जो जो दोष ठेवला जातो तो उचलायचा, पुरुषाशेजारी नेऊन ठेवायचा आणि विचारायचं, हा इथे नाही का? त्यांनी आपल्या काळातली लोकांना आवडणारी नाटकं-कादंबऱ्याही सोडल्या नाहीत, त्यांत बायका कशा रंगवल्यात याची झडती घेतली. तुम्ही ज्या विषयात एम.ए. करताय, त्यातलं काम बुलढाण्यातली एक बाई 1882 मध्ये करून गेली. तिच्यावर टीकेची झोड उठली, जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले, आणि तरी पुस्तक विस्मृतीत गेलं ते 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. तिच्याकडे ‘पुरुषी नजर’ हा शब्द नव्हता. तिच्याकडे स्वतःची नजर होती.

मला तुमच्याकडून तेवढंच हवंय. मला आवडेल ते लिहू नका. मी स्त्रीवादी आहे म्हणून स्त्रीवादी निबंध देऊन मला खूश करणं हीसुद्धा घोकंपट्टीच.

ज्या एकीनं परश्याचा हात पाहिला, तिचा निबंध दीड पानाचा आहे, शुद्धलेखनाच्या चुका आहेत. तिनं लिहिलंय की सिनेमा आईसोबत पाहिला, त्या प्रसंगाला आई पुटपुटली, ‘हा पण तसलाच’, आणि पुढे घरी येईपर्यंत बोलली नाही. आईनं ‘पण’ का म्हटलं असेल, इथे येऊन निबंध अर्धवट थांबलाय. तो अर्धवट निबंध हा या गठ्ठ्यातला एकमेव पूर्ण निबंध आहे.

बाकीचे मी परत देतेय, गुण न घालता. सोमवारपर्यंत नव्यानं लिहा. एकच प्रसंग घ्या, तुमच्या सगळ्यात लाडक्या सिनेमातला. तीनदा बघा. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून, आणि एकदा घरातल्या कुठल्यातरी बाईला शेजारी बसवून. काय दिसलं ते लिहा. मोठा शब्द वापरलात तर तो प्रसंगात कुठे दिसला ते शेजारी लिहा. नाही सापडलं तर शब्द खोडा.

आणि उद्यापासून हजेरी मी घेणार नाही. रोज तुमच्यातला एक जण घेईल, पूर्ण नावानं, आईवडिलांनी ठेवलेल्या नावानं. सुरुवात ज्यानं परवा हाक मारली त्यानं करायची. ते कोण हे मला माहीत आहे, आणि त्यालाही.

उघडा दार.