पानांची साक्ष

खोट्या साक्षीविषयीची आठवी आज्ञा समजावून सांगताना आम्हांला एक प्रश्न नेहमी पडतो : पूर्ण विश्वास ठेवावा असा साक्षीदार कोण? ज्याला साक्षीतून काही मिळवायचे नाही आणि काही लपवायचेही नाही, तो. असे साक्षीदार दगडांत दडलेले आहेत. जीवाश्म झालेल्या वनस्पती हे ते साक्षीदार होत.

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान नावाचे गाव आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्ह्याचे थर साचत असताना, दोन थरांच्या मधल्या काळात तेथे तळी व दलदली होत्या. त्यांत पडलेली फळे आणि खोडे पाण्यातील सिलिकेमुळे दगड बनली. त्यांत निपा नावाच्या ताडाचे फळ सापडले. निपा आज सुंदरबनात, खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतो. तेव्हा, समुद्रापासून आज इतक्या दूर असलेल्या त्या भूमीपर्यंत एके काळी खारे पाणी पोहोचत असावे, असा अर्थ शास्त्रज्ञांनी लावला.

पाने हवेचीही नोंद ठेवतात. पानावरील सूक्ष्म छिद्रांतून झाड कार्बन डायऑक्साइड घेते. हवेत हा वायू वाढला की अनेक जातींच्या नव्या पानांवर छिद्रे कमी होतात. १९८७ साली इयान वुडवर्ड ह्यांनी केंब्रिजच्या संग्रहातील वाळवलेली पाने तपासली. दोनशे वर्षांत छिद्रांची घनता सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली आढळली. जीवाश्म पानांवरून प्राचीन हवा अजमावली जाते, ती ह्याच रीतीने.

म्हणजे आपल्या कृत्यांची नोंदही पानांनी करून ठेवली आहे. कोळसा तरी काय? गाडली गेलेली प्राचीन अरण्येच. ती जाळल्यामुळे, बऱ्याच अंशी, हवेच्या दहा लाख भागांत २८० असलेला हा वायू आज ४२०च्या वर गेला आहे.

कोणी म्हणेल, पृथ्वीने ह्याहूनही उष्ण काळ पाहिले आहेत. मग दोष कसला? पहिले विधान खरे आहे, जीवाश्मच तसे सांगतात. परंतु त्या काळी जाब विचारावा असा कोणी नव्हता. ज्वालामुखीला पाप लागत नाही. पाप लागते ते जाणणाऱ्याला, आणि आपण आता जाणतो. आम्हीही हे विजेच्या पंख्याखाली बसून लिहीत आहोत. त्यामुळे दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार आम्हांला नाही. मात्र, आम्हांला ठाऊक नव्हते, असे नातवंडांना सांगणे ही खोटी साक्ष ठरेल.