दिलेला शब्द

काडेपेटीत मावतील एवढेच ते आहेत. तुरीच्या डाळीएवढे, चपट्या अंगाचे, तीन बारीक पायांचे काही ट्रान्झिस्टर आणि सोबतीला मूठभर डायोड. भिंग घेतले तर ट्रान्झिस्टरवरची अक्षरे वाचता येतात: झेडटीएक्स 300. बनवणारी कंपनी फेरांटी, इंग्लंडमधल्या मँचेस्टर परिसरातली. ती कंपनी आज नाही. पण तिचे हे दाणे जुन्या यंत्रांच्या पोटातून, बंद पडलेल्या दुकानांच्या खणांतून शोधून काढणारी आणि जपणारी माणसे आहेत. त्यांतलाच मी एक.

नवा डायोड हाती आला की मी आधी त्याला बोलते करतो. मल्टिमीटरच्या दोन पिना त्याच्या दोन पायांना लावायच्या. एका बाजूने लावल्या की पडद्यावर 0.6 च्या आसपास आकडा उमटतो. पिनांची अदलाबदल केली की वाट बंद. या दिशेने जाऊ देईन, त्या दिशेने नाही, एवढाच डायोडचा शब्द. ट्रान्झिस्टरचे योग्य ते दोन पाय निवडले की तोही हाच शब्द देतो. पन्नास वर्षांनंतरही तो पाळलेला पाहिला की दर वेळी हात जोडावेसे वाटतात.

जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह तापत असे, त्याचा कॅथोड हळूहळू झिजे आणि एक दिवस तो थकून जाई. सिलिकॉनच्या स्फटिकात तसे झिजण्यासारखे काही नसते. लाखो अणूंमागे एखादा बोरॉनचा किंवा फॉस्फरसचा अणू त्यात मुद्दाम मिसळलेला असतो आणि तो आपली जागा सोडत नाही. या दोन मिसळी जिथे भेटतात त्या सीमेवरच सगळा पहारा. आधीच्या जर्मेनियमच्या डायोडमधून उष्णता वाढली की वीज झिरपू लागे. सिलिकॉनने तो दोष पुष्कळ कमी केला. युरोपात सिलिकॉनचा डायोड प्रथम बनवला तो फेरांटीने, 1955 मध्ये.

या कंपनीच्या हाताला यश होते. विक्रीसाठी बनवलेल्या पहिल्या संगणकांपैकी एक, फेरांटी मार्क 1, तिने 1951 मध्ये मँचेस्टर विद्यापीठाला दिला. 1972 मध्ये तिने तीन पायांच्या एका इवल्या तुकड्यात रेडिओचे बहुतेक काम बसवले. झेडएन 414 हे त्याचे नाव. घरी बसून रेडिओ जुळवणाऱ्या कित्येक मुलांना त्याने पहिला आवाज ऐकवला. 1981 मध्ये सिंक्लेअरचा झेडएक्स 81 हा स्वस्त संगणक आला, त्यात डझनाहून अधिक चिपांचे काम फेरांटीच्या एकाच चिपने पेलले.

यांतले डायोड, ट्रान्झिस्टर आणि चिपा घडवणाऱ्या विभागाचा पत्ता होता जेम मिल, चॅडर्टन, ओल्डहॅम. नावात मिल आहे, कारण ती मुळात सूतगिरणीच होती. ओल्डहॅम म्हणजे सुताचे गाव. तिथल्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांतही फिरली, त्यामुळे हे नाव आपल्याला तसे परके नाही. सूतकताई मावळल्यावर त्या इमारतीला नवे काम मिळाले. त्या काळी ट्रान्झिस्टर बनवताना केसाहून बारीक सोन्याची तार सूक्ष्मदर्शकाखाली धरून सिलिकॉनच्या कणाला जोडावी लागे. अशा कारखान्यांत हे काम बहुधा बायकांच्या हाती असे. हात जरा थरथरला तर तो दाणा वाया.

मग कंपनी बुडाली कशाने? 1987 मध्ये फेरांटीने इंटरनॅशनल सिग्नल अँड कंट्रोल ही कंपनी आपल्यात विलीन करून घेतली. तिचे अनेक मोठमोठे करार फक्त कागदावरच होते, हे दोन वर्षांनी उघड झाले. त्या कंपनीचा संस्थापक जेम्स गेरिन याला 1992 मध्ये अमेरिकेत 15 वर्षांची शिक्षा झाली. पण बसलेला घाव भरून आला नाही. 1993 च्या डिसेंबरात फेरांटीचा कारभार संपला. ट्रान्झिस्टरांचा विभाग त्याआधीच प्लेसी या कंपनीकडे गेला होता. पुढे तो झेटेक्स झाला आणि 2008 मध्ये डायोड्स या अमेरिकी कंपनीकडे आला. धनी बदलत गेले, पण झेडटीएक्स ही अक्षरे त्यानंतरही चालत राहिली.

काडेपेटी उघडली की या दोन गोष्टी मला शेजारी शेजारी दिसतात. मोठ्या टेबलावर, मोठ्या सह्यांनी दिलेला शब्द दोन वर्षेही टिकला नाही. डाळीएवढ्या दाण्याने दिलेला शब्द अजून खरा आहे. त्या करारांमागे तपासता येईल असे काही नव्हतेच. या दाण्यामागे एका माणसाची सबंध एकाग्रता होती, आणि ती कुणीही, केव्हाही, दोन पिना लावून तपासावी.

ओल्डहॅमच्या त्या मिलमध्ये सोन्याची तार जोडणाऱ्या बाईचे नाव या दाण्यावर नाही. तिच्या पाळीत असे किती दाणे हातावेगळे झाले, ते कुठे गेले, हे तिलाही कधी कळले नसणार. आज सकाळी मी पिना लावल्या. पडद्यावर 0.6 आले. तिची सही मी तीच मानतो.